संसाराची वर्षे आणि पोटगीचा हक्क

‘दोन वर्षंसुद्धा नांदली नाही, तिला कसली पोटगी?’ सासर सोडून आलेल्या मुलीबद्दल असे आजही सर्रास बोलले जाते. कायदा असे म्हणत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 25 कायमची पोटगी ठरवताना दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि परिस्थिती पाहायला सांगते. इतकी वर्षे संसार झालाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. वर्षाची अट आहे ती घटस्फोटाला. लग्नाला वर्ष होण्याआधी सहसा अर्ज करता येत नाही आणि संमतीच्या घटस्फोटाआधी दोघे वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात.

खोपोलीलगतच्या साजगावची लेक सोलापूरला दिली असली आणि आता माहेरी राहत असली, तर पोटगीसाठी तिला सोलापूरचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. ती राहते तिथल्या, म्हणजे खालापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम 125, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, त्यासाठीच आहे.

मग वर्षांना काहीच किंमत नाही का? आहे, पण ती रकमेच्या हिशेबात. नागपूरच्या एका खटल्यात पत्नी जानेवारी 2013 मध्ये, मुलाच्या जन्मानंतर लवकरच घराबाहेर पडली. कुटुंब न्यायालयाने 2015 मध्ये तिला दरमहा 15,000 रुपये आणि मुलाला आधी 5,000, नंतर 10,000 रुपये ठरवून दिले. हाच खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने दोन्ही पक्षांना मिळकतीचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितले आणि कायमची पोटगी ठरवताना लग्न किती काळ टिकले हेही पाहावे, असे म्हटले.

दीर्घ संसाराला आपोआप न्याय मिळतो, असेही नाही. इंदूरच्या शाहबानो यांचे लग्न 1932 चे. नवऱ्याने 1975 मध्ये घराबाहेर काढले तेव्हा संसाराला 43 वर्षे झाली होती. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना मंजूर केले महिन्याला 25 रुपये! उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले आणि 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ते कायम ठेवले.

गोव्याची रीत निराळी. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मा वाटा पत्नीचा. तो लग्नापासूनच, वर्षे न मोजता. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र दहा वर्षांचा संसार सहसा दीर्घ धरतो.

वर्षे खरी कामाला येतात ती खालापूर-कर्जतच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागू नाही. तिथली काडीमोड जमातीच्या रिवाजाने होते. कलम 144 मात्र सगळ्यांसाठी आहे. पैशांअभावी कातकऱ्यांमध्ये लग्नविधी अनेकदा पुढे ढकलला जातो. जोडपे एकत्र राहते, मुले होतात. लग्नाचा फोटो नाही, पत्रिका नाही. अशा वेळी दीर्घकाळच्या सहजीवनावरून न्यायालय विवाह गृहीत धरू शकते. मग रेशनकार्डावरचे बाईचे नाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचे बापाचे नाव आणि शेजाऱ्यांची साक्ष, हाच तिचा पुरावा.