लख्ख उजेडातला काळा फोटो
(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

फोटो काळा आला की आपण म्हणतो, उजेड कमी पडला. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण आज मी ज्या काळ्या फोटोबद्दल बोलणार आहे, तिथे उजेडाला तोटा नसतो. स्टुडिओतले दोन्ही मोठे दिवे लखकन उडतात, समोर बसलेल्यांचे डोळे दिपतात, आणि तरीही कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटतात त्या फक्त सावल्या. फोटोवाल्यांच्या भाषेत, फोटो ‘अंडर’ येतो. सगळ्यांनी उजेड पाहिला, फक्त कॅमेऱ्याने पाहिला नाही. असं कसं होतं?

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण आमच्या कोकणातल्या गावच्या बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ आहे आणि तिथल्या बाकावर बसून चहा पिण्यात माझी कित्येक संध्याकाळची वेळ गेली आहे. स्टुडिओचे मालक अण्णा माझे जुने स्नेही. त्यांच्याकडून आणि पुढे त्यांच्या मुलाकडून ऐकलेलं, समोर बसून पाहिलेलं, असंच सगळं आज सांगतो.

आधी स्टुडिओतली व्यवस्था समजून घेऊ. ग्राहकाच्या डाव्या-उजव्या बाजूला स्टँडवर दोन मोठे फ्लॅश असतात, त्यांच्यापुढे पांढरी छत्री किंवा कापडी पेटी. त्यांचा उजेड फार थोडा वेळ टिकतो, सेकंदाचा साधारण हजारावा भाग. नेमक्या त्याच क्षणी कॅमेऱ्याचं शटर उघडं असायला हवं. हा मेळ घालायची जुनी रीत म्हणजे कॅमेऱ्यापासून दिव्यापर्यंत तार ओढणं. पण तारेत पाय अडकतो, लहान मुलं ती ओढतात. शिवाय कित्येक जुन्या दिव्यांच्या तारेत शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत दाब असतो. तेवढा दाब सोसण्याची सोय नसलेला कॅमेरा त्यामुळे बिघडू शकतो.

म्हणून दुसरी रीत निघाली. मोठ्या दिव्यांना एक डोळा बसवलेला असतो. त्याला फोटोवाले ‘सेल’ किंवा ‘स्लेव्ह’ म्हणतात. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उडाला की हा डोळा तो उजेड टिपतो आणि क्षणाचाही विलंब न लावता आपला दिवा उडवतो. हा क्षण इतका बारीक असतो की दोन्ही उजेड एकाच शटरमध्ये सहज मावतात. तार नको, जोडणी नको. छोट्याने इशारा करायचा, मोठ्यांनी काम करायचं.

फिल्मच्या काळात ही रीत बिनबोभाट चालली. त्या वेळी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश एकदाच उडत असे. स्वयंचलित मोजणी आली, तरीही एकदाच. ऑलिम्पसचा ओएम-२ हा कॅमेरा १९७५ साली आला. शटर उघडं असतानाच फिल्मवरून परतणारा उजेड तो मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश तिथल्या तिथे तोडायचा. मोजणं आणि फोटो घेणं एकाच क्षणात होत होतं.

पुढे यात बदल झाला. कॅननने १९९५ साली ई-टीटीएल नावाची पद्धत आणली. तिच्यात फ्लॅश आधी एकदा हलकासा उडतो. तो उजेड समोरच्या माणसावरून परत येतो, भिंगातून आत शिरतो आणि कॅमेरा त्यावरून हिशेब करतो की खरा फ्लॅश किती उडवायचा. मग शटर उघडतं आणि खरा फ्लॅश उडतो. डिजिटल कॅमेरे आल्यावर ही रीत सगळीकडेच आली, कारण सेन्सरचा पृष्ठभाग फिल्मसारखा नसतो. फिल्मवरून परतणारा उजेड मोजण्याची जुनी युक्ती तिथे नीट चालेना. निकॉननेही अशी पद्धत घेतली आणि २००३ साली तिचं सुधारलेलं रूप आय-टीटीएल या नावाने आणलं. आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांतही स्वयंचलित फ्लॅश असाच आधी उजेड चाचपून मग उडतो.

या पहिल्या, चाचपणाऱ्या उजेडाला प्री-फ्लॅश म्हणतात. तो आणि खरा फ्लॅश यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं की आपल्याला एकच झगमगाट दिसतो. खोड इथेच आहे. आपल्याला जे एक वाटतं, ते दोन असतात.

भिंतीजवळ उभ्या असलेल्या त्या जुन्या दिव्याला मात्र हे कोणी सांगितलेलं नाही. त्याला एवढंच ठाऊक की उजेड दिसला की उडायचं. तो प्री-फ्लॅश पाहतो आणि सगळी ताकद लावून उडतो. त्या वेळी शटर बंद असतं. मग शटर उघडतं, खरा फ्लॅश उडतो, पण मोठा दिवा तोवर रिकामा झालेला असतो. पुन्हा भरायला त्याला सेकंद-दोन सेकंद तरी लागतात.

मुशायऱ्यात एखादा उतावळा श्रोता असतो. शायर पहिली ओळ म्हणतो आणि हा तिथेच ‘वाहवा’ करून मोकळा होतो. शेर दुसऱ्या ओळीत पुरा होतो, खरी दाद तिथे हवी असते. पण तेव्हा हा पान लावण्यात गुंतलेला. दाद खोटी नसते, तिची वेळ चुकलेली असते. आपल्या दिव्यांचंही तेच झालेलं असतं.

यावर आणखी एक गंमत होते. फोटो नुसता थोडा मंद न येता पार काळा का येतो, ते त्यातून कळतं. प्री-फ्लॅशबरोबर मोठे दिवेही उडाल्यामुळे मोजणी करणाऱ्या कॅमेऱ्याला वाटतं, समोर भरपूर उजेड आहे. म्हणून खऱ्या वेळी तो आपला छोटा फ्लॅशही आखडता घेतो. आणि समजा, छोटा फ्लॅश पूर्ण ताकदीने उडाला, तरी त्याची पोच किती? कॅमेऱ्यातून वर उघडणाऱ्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला साधारण १२ असतो. मोठ्या दिव्यांच्या भरवशावर आपण ॲपर्चर एफ ८ ठेवलेलं असतं. बाराला आठाने भागा. दीड मीटर! आणि घरचा कबिला तर तीन-चार मीटरवर बसलेला असतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. मग माणसं काळी दिसली तर नवल नाही.

हे समजायला अण्णांच्या स्टुडिओत एक फोटो गमवावा लागला. २००९ सालच्या रमजान ईदचा दुसरा दिवस होता. आमच्या मोहल्ल्यातलं एक कुटुंब ग्रुप फोटोसाठी आलं. पाच भाऊ, त्यांच्या बायका, मुलं आणि मधोमध खुर्चीवर दादी. धाकटा भाऊ त्याच रात्री मुंबईला आणि तिथून कुवेतला निघणार होता. अण्णांच्या मुलाने नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता. दिवे अण्णांचे, फिल्मच्या काळात घेतलेले.

पहिला फोटो काळा. दुसरा काळा. मुलाने दिव्यांची ताकद वाढवली, आयएसओ वाढवला, सेल बदलले. मुलं रडायला लागली. मुलगा चिडून म्हणाला, “अण्णा, तुमचे दिवे मेलेत आता. विकून टाकू.”

अण्णा म्हणाले, “अरे, डोळ्यांनी बघतोयस ना? उडताहेत ते.”

दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून वाद मिटेना. शेवटी सगळ्यांना स्टुडिओबाहेर पडवीत बसवलं आणि पावसाळी उजेडात फोटो काढला. तो चांगला आला. पण दादींना मागे रंगवलेला बाग असलेला पडदा हवा होता, त्यांच्या लग्नानंतरच्या फोटोत होता तसा. पुढच्या वेळी पाचही भाऊ एकत्र आले, ते दादींच्या मातीला.

चार दिवसांनी मुलाने कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक उघडलं, फ्लॅशचं कलम वाचलं, कॅमेऱ्यात एक खूण बदलली आणि अण्णांना खुर्चीवर बसवून फोटो काढला. अगदी लख्ख आला. दिवे आजही त्या स्टुडिओत आहेत.

ती खूण कोणती, ते आता सांगतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवरून काढून मॅन्युअलवर, म्हणजे ‘एम’वर न्यायचा. ‘एम’वर तो मोजणी करत नाही, म्हणून प्री-फ्लॅशही नाही. एकदाच उडतो, आणि तोही शटर उघडं असताना. ताकद मात्र अगदी कमी ठेवायची, १/६४ किंवा त्याच्या आसपास. त्याला इशाऱ्यापुरतं काम आहे. जास्त ठेवली तर चेहऱ्यावर समोरून सपाट उजेड पडतो आणि मोठ्या दिव्यांनी साधलेली छाया पुसली जाते. फ्लॅशचं डोकं फिरत असेल तर ते छताकडे वळवावं. जुने लोक फ्लॅशपुढे धुवून निघालेल्या स्लाइड फिल्मचा कोरा काळा तुकडा लावत. त्यातून डोळ्यांना दिसणारा उजेड जवळजवळ जात नाही, पण अवरक्त किरण जातात, आणि दिव्याच्या सेलला तेवढे पुरतात.

फ्लॅशला ‘एम’ नसेल तर दुसरे मार्ग आहेत. अलीकडच्या कित्येक दिव्यांवर सेलच्या दोन खुणा असतात, एस १ आणि एस २. एस १ पहिल्या उजेडाला उडतो, एस २ पहिला उजेड सोडून दुसऱ्याला उडतो. मात्र त्या वेळी फ्लॅशची ‘रेड-आय’ची सोय बंद ठेवावी. तिचे जादा झगमगाट आले की एस २ ची मोजदाद चुकते. काही कॅमेऱ्यांत फ्लॅशची मोजणी आधीच उरकून ठेवण्याचं बटण असतं. कॅनन त्याला एफई लॉक म्हणतं, निकॉन एफव्ही लॉक. ते दाबलं की प्री-फ्लॅश तेव्हाच उडून जातो. मोठे दिवे पुन्हा भरेपर्यंत थांबायचं आणि मग फोटो घ्यायचा. आणि सगळ्यांत निर्धोक मार्ग रेडिओ ट्रिगरचा. कॅमेऱ्यावर एक छोटी डबी, दिव्याला दुसरी. इशारा रेडिओलहरींनी जातो, छोट्या फ्लॅशची गरजच उरत नाही. हे ट्रिगर आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाहीत.

दोष प्री-फ्लॅशचाच आहे याची खात्री कशी करायची? त्याची एक सोपी परीक्षा आहे. शटर एक सेकंदावर ठेवा आणि फ्लॅश ‘रिअर कर्टन’वर, म्हणजे शटर मिटण्याच्या आधी उडेल असा. आता बटण दाबा. सेकंदभराच्या अंतराने दोन वेगळे झगमगाट दिसतील. मोठे दिवे पहिल्याबरोबर उडाले, तर चोर सापडला.

फोटो काळा येण्याची इतरही कारणं आहेत, तीही पाहून घ्यावीत. फोटो सगळा काळा नसून एका कडेला सरळ काळा पट्टा असेल, तर शटर फार वेगाचं आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटर पूर्ण उघडत नाही, त्याची फट सरकत जाते. ते १/१२५ वर आणा. पहिला फोटो चांगला आणि लगेच घेतलेला दुसरा काळा असेल, तर दिवा भरलेला नाही, त्याची शिट्टी वाजेपर्यंत थांबा. एकच बाजू काळी असेल, तर त्या दिव्याच्या सेलला कॅमेऱ्यावरचा फ्लॅश दिसत नाही. दिवा थोडा फिरवा. उघड्यावर, कडक उन्हात सेल आंधळाच होतो, तिथे तार किंवा रेडिओच हवा.

हे एवढं लांबण लावून सांगण्याचं कारण साधं आहे. फोटो काळा आला की आपला हात पहिल्यांदा ताकदीच्या बटणाकडे जातो. उजेड वाढवा, आयएसओ वाढवा, जुनं विका, नवं आणा. पण चुकलेल्या वेळी दिलेला उजेड दुप्पट केला, तरी शटरबाहेरच राहतो. म्हणून आधी एवढंच पाहावं की दिवा उडतो, तेव्हा शटर उघडं असतं का? वेळ जुळत असेल, तर मग उजेडाचा हिशेब करायला बसावं. लग्नसराईत समोर पन्नास माणसं ताटकळत उभी असतात आणि त्यांतली काही पुन्हा कधी एकत्र येणार नसतात. तेव्हा हा एक प्रश्न आधी विचारणं फार स्वस्त पडतं.