पिनवर पल्स का येत नाही? पीडब्ल्यूएमबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रास्पबेरी पाय किंवा बीगलबोन ब्लॅकसारख्या लिनक्स बोर्डावर एलईडी लुकलुकवणे तासाभरात जमते. त्याच बोर्डावरून सर्व्हो मोटर वळवायला किंवा पंख्याचा वेग कमीजास्त करायला घेतला, की गाडी अडते. कोड बरोबर दिसतो, वायरिंग दोनदा तपासून झालेले असते, तरी पिनवर काहीच येत नाही. किंवा येते, पण सर्व्हो एका जागी थरथरत राहते. अशा वेळी विद्यार्थी कोड पुन्हा पुन्हा लिहीत बसतात. चूक मात्र बहुधा कोडच्या बाहेर असते.

पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन, ही कल्पना सोपी आहे. पिन ठरावीक वेळाने चालू-बंद करायची आणि प्रत्येक आवर्तनात ती किती वेळ चालू राहील हे बदलायचे. पूर्ण आवर्तनाचा वेळ म्हणजे पीरियड आणि त्यातला चालू भाग म्हणजे ड्यूटी सायकल. लिनक्स बोर्डावर ही पल्स चिपमधल्या टायमरमध्ये तयार होते, तिथून पिन मल्टिप्लेक्सरमधून बाहेरच्या पिनवर येते, आणि हा मार्ग डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचे कर्नलला दिलेले वर्णन) व ड्रायव्हर मिळून ठरवतात. पीडब्ल्यूएम हा पिनचा अंगभूत गुण नसून असा जोडून घ्यावा लागणारा मार्ग आहे. हे विसरल्यामुळेच पुढचे बरेचसे गैरसमज होतात.

गैरसमज १: कोणत्याही जीपीआयओ पिनवर पीडब्ल्यूएम मिळते.

वस्तुस्थिती: हार्डवेअर पीडब्ल्यूएम मोजक्याच पिनांवर मिळते. २०१४ च्या मॉडेल बी प्लसपासून रास्पबेरी पायला ४० पिनांचा हेडर आला. त्यावर अशा पिना चार आहेत: जीपीआयओ १२, १३, १८ आणि १९. पण पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत या चार पिनांमागे चॅनेल दोनच आहेत. १२ आणि १८ वर एकच चॅनेल येतो, १३ आणि १९ वर दुसरा. म्हणून १२ आणि १८ ला दोन सर्व्हो जोडल्या तर त्या स्वतंत्रपणे हलणार नाहीत. दोघींना एकच पल्स मिळेल. पाय ५ मध्ये पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या आणि तिथे या चारही पिनांना स्वतंत्र चॅनेल मिळाले.

बीगलबोन ब्लॅकवर पीडब्ल्यूएमचे तीन मुख्य मॉड्यूल आहेत आणि प्रत्येकाला ए आणि बी असे दोन आउटपुट. मॉड्यूल १ चा ए आउटपुट पी९ हेडरच्या १४ क्रमांकावर मिळतो, तसाच पी८ च्या ३६ वरही मिळू शकतो. मात्र पी८ वरची ती पिन एचडीएमआयच्या वाट्याची आहे. एचडीएमआय बंद केल्याशिवाय ती हाती लागत नाही.

क्रमांकांचा घोळही इथेच होतो. रास्पबेरी पायवर जीपीआयओ १८ ही हेडरवरची १२ वी पिन आहे, तर जीपीआयओ १२ ही ३२ वी. नुसते ‘पिन १२’ असे म्हटले तर दोन वेगळ्या जागा निघतात, आणि दोन्ही पीडब्ल्यूएमच्याच! वहीत नोंद करताना जीपीआयओ क्रमांक आणि हेडरचा क्रमांक दोन्ही लिहावेत.

गैरसमज २: लायब्ररीत पीडब्ल्यूएमचे फंक्शन आहे, म्हणजे ते हार्डवेअरचेच.

वस्तुस्थिती: आरपीआय-जीपीआयओ ही पायथनची जुनी लोकप्रिय लायब्ररी सॉफ्टवेअरमधून पीडब्ल्यूएम करते. एक थ्रेड पिन चालू करतो, थोडा थांबतो, बंद करतो. तो नेमका कधी जागा होईल हे लिनक्सचा शेड्यूलर ठरवतो. कार्डावर लिहिणे, नेटवर्क, ब्राउझर अशी दुसरी कामे आली की पल्सची रुंदी बदलते.

एलईडीच्या बाबतीत हा फरक डोळ्याला फारसा दिसत नाही. सर्व्होची गोष्ट वेगळी आहे. नेहमीच्या हॉबी सर्व्होला २० मिलिसेकंदांच्या आवर्तनात १ ते २ मिलिसेकंदांची पल्स लागते, आणि या एका मिलिसेकंदात ती साधारण ९० अंश फिरते. पल्स ०.१ मिलिसेकंदाने चुकली, तर कोन ९ अंशांनी चुकला. सर्व्हो थरथरते ती यामुळे.

यावर उपाय आहेत. पिगपिओ ही लायब्ररी डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरच्या, साहाय्याने पल्सचे वेळापत्रक सांभाळते, त्यामुळे साध्या पिनांवरही ती पुष्कळ अचूक चालते. मात्र आरपी१ मुळे ती पाय ५ वर चालत नाही. बऱ्याच सर्व्हो चालवायच्या असतील, तर आय-टू-सीवर बोलणारी पीसीए९६८५ ही चिप घ्यावी. तिच्यावर १२ बिटांचे १६ चॅनेल आहेत. एवढेच लक्षात ठेवावे, की या सोळाही चॅनेलांची वारंवारता एकच असते.

गैरसमज ३: कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे, म्हणजे पिन आपोआप तयार असते.

वस्तुस्थिती: ड्रायव्हर टायमर चालवतो, टायमरची पल्स पिनपर्यंत पोहोचवणे हे पिन मल्टिप्लेक्सरचे काम. तो रेल्वेच्या सांध्यासारखा आहे. सांधा बदलला नाही, तर गाडी व्यवस्थित धावते, पण आपल्या फलाटावर येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सगळे चालू दिसते आणि ऑसिलोस्कोपवर रेघ सपाट राहते, ती याच कारणाने.

हा सांधा कसा लागेल ते डिव्हाइस ट्री ठरवते. रास्पबेरी पायवर त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये पीडब्ल्यूएमच्या ओव्हरलेची (डिव्हाइस ट्रीत भर घालणाऱ्या तुकड्याची) ओळ टाकून बोर्ड रीस्टार्ट करावा लागतो. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर दोन चॅनेलांच्या ओव्हरलेत काहीच सांगितले नाही, तर १८ आणि १९ या पिना मिळतात. १२ आणि १३ हव्या असतील, तर पिन क्रमांकाबरोबर फंक्शनचा आकडाही बदलावा लागतो: १८ आणि १९ साठी तो २ आहे, १२ आणि १३ साठी ४. कारण या दोन जोड्यांवर पीडब्ल्यूएम वेगवेगळ्या पर्यायी फंक्शनखाली येते. पिन बदलली आणि फंक्शन तेच ठेवले, ही सर्रास होणारी चूक आहे. शिवाय २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ही कॉन्फिग फाइल बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या सूचना वाचून जुन्या जागी केलेला बदल बोर्ड वाचतच नाही.

पाय ३ आणि त्याआधीच्या ज्या बोर्डांवर ऑडिओ जॅक आहे, तिथे आणखी एक अडथळा येतो. जॅकमधला आवाज याच दोन पीडब्ल्यूएम चॅनेलांतून तयार होतो. आवाज आणि सर्व्हो दोघांनी एकच टायमर मागितला, की दोन्ही बिघडतात. तिथे कॉन्फिगमधून ऑडिओ बंद करावा. पाय ४ मध्ये ऑडिओसाठी पीडब्ल्यूएमचा वेगळा ब्लॉक दिला आहे.

गैरसमज ४: चिप ०, चॅनेल ० हा पत्ता कायमचा असतो.

वस्तुस्थिती: सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल ज्या फाइलींतून हार्डवेअर दाखवतो तिथे, दिसणारा पीडब्ल्यूएम चिपचा क्रमांक हा कर्नलने नोंदणी करताना दिलेला अनुक्रम आहे. पाय ५ वर हेडरची पीडब्ल्यूएम चिप जुन्या कर्नलांवर २ क्रमांकाने दिसत असे. नव्या कर्नलांवर ती ० क्रमांकाने दिसते. अपडेटनंतर चालता प्रोग्राम अचानक बंद पडतो, तो अशा वेळी. म्हणून प्रोग्रामने क्रमांकावर विसंबू नये. त्या नोंदीमागचे हार्डवेअर कोणते ते पाहून चिप निवडावी.

चॅनेलचेही तसेच. जीपीआयओ १८ हा पाय ४ वर चॅनेल ० आहे आणि पाय ५ वर चॅनेल २. पाय ४ साठी लिहिलेला कोड पाय ५ वर तसाच चालवला, तर तो जीपीआयओ १८ सोडून दुसऱ्याच चॅनेलला पल्स देतो, आणि एररही येत नाही.

गैरसमज ५: ड्यूटी सायकल टक्क्यांत द्यायची आणि कोणत्याही क्रमाने द्यायची.

वस्तुस्थिती: सिसएफएसमधल्या या फाइलींत पीरियड आणि ड्यूटी सायकल दोन्ही नॅनोसेकंदांत लिहायची असतात. सर्व्होसाठी पीरियड २,००,००,००० आणि मधल्या स्थितीसाठी ड्यूटी सायकल १५,००,०००. इथे कोणी ७.५ टक्के म्हणून ७ लिहिले, तर ७ नॅनोसेकंदांची पल्स मागितल्यासारखे होते.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण ड्यूटी सायकल पीरियडपेक्षा मोठी असलेली कर्नलला चालत नाही. चॅनेल नुकताच एक्स्पोर्ट केला (सिसएफएसमध्ये वापरासाठी उघडला) असेल तर पीरियड शून्य असतो. आधी ड्यूटी सायकल लिहिली, की ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ ही एरर येते. आधी पीरियड, मग ड्यूटी सायकल, मग एनेबल. चालू असताना पीरियड कमी करायचा असेल, तर गरजेप्रमाणे आधी ड्यूटी सायकल खाली आणावी. पोलॅरिटी बदलायची तर चॅनेल बंद असतानाच.

एक्स्पोर्ट केल्यानंतर लगेच फाइलीत लिहिले तर कधी कधी परवानगी नाकारली जाते आणि तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा चालतो. याचे कारण साधे आहे: नव्या फाइलींचे हक्क युडेव्ह ही लिनक्सची सेवा थोड्या वेळाने बदलते. प्रोग्रामने तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

गैरसमज ६: वारंवारता कितीही ठेवली तरी बारकावा तोच राहतो.

वस्तुस्थिती: बीगलबोन ब्लॅकच्या पीडब्ल्यूएम मॉड्यूलला १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ मिळते, म्हणजे एक ठोका १० नॅनोसेकंदांचा. २५ किलोहर्ट्झच्या एका आवर्तनात असे ४,००० ठोके बसतात. ड्यूटी सायकलला तेवढ्या पायऱ्या मिळतात. वारंवारता १ मेगाहर्ट्झ केली, की उरतात फक्त १००. उलट ५० हर्ट्झला २० लाख ठोके मोजावे लागतील, पण काउंटर १६ बिटांचा, त्याची झेप ६५,५३६ पर्यंत. म्हणून घड्याळाला ३२ ने भागून ६२,५०० पायऱ्यांवर काम भागवतात. सर्व्होला त्या पुरून उरतात.

इथे आणखी एक बंधन आहे. एकाच मॉड्यूलचे ए आणि बी आउटपुट एकाच काउंटरवर चालतात, त्यामुळे दोघांचा पीरियड एकच असावा लागतो. ए वर सर्व्हो आणि बी वर पंखा अशी जोडी लावली, तर ड्रायव्हर दुसरा पीरियड नाकारतो. त्या दोघांना वेगळ्या मॉड्यूलांवर ठेवावे.

गैरसमज ७: ५० टक्के ड्यूटी म्हणजे पिनवर अर्धे व्होल्टेज, छोटी मोटर थेट जोडता येते.

वस्तुस्थिती: पिनवर एका वेळी ३.३ व्होल्ट तरी असतात किंवा शून्य. १.६५ हा केवळ सरासरीचा आकडा आहे आणि मल्टिमीटर तीच सरासरी दाखवतो. खरोखर स्थिर व्होल्टेज हवे असेल, तर रेझिस्टर आणि कपॅसिटरचा फिल्टर लावावा लागतो.

रास्पबेरी पायच्या पिनची ड्राइव्ह क्षमता मोजक्या मिलिअँपिअरचीच आहे. लहान डीसी मोटरलाही सुरू होताना याच्या कित्येक पट करंट लागतो. मधे लॉजिक लेव्हलचा मॉसफेट, मोटरच्या टोकांवर उलट्या दिशेचा डायोड आणि दोन्ही सप्लायची एकच ग्राउंड, एवढे हवेच. चार वायरच्या कॉम्प्युटर पंख्याची कंट्रोल वायरही थेट पिनला जोडू नये. पंखा ती वायर आतून ५ व्होल्टच्या आसपास ओढून धरू शकतो आणि पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. मधे ट्रान्झिस्टर घालावा. त्याने सिग्नल उलटा होतो, आणि तो सुलटा करायलाच पोलॅरिटीची सोय आहे.

गैरसमज ८: प्रोग्राम थांबला की पल्सही थांबते.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सर्वांत धोकादायक आहे. हार्डवेअर पीडब्ल्यूएमची खुबी अशी, की एकदा टायमर सुरू झाला की त्याला प्रोसेसरची गरज उरत नाही. प्रोग्राम कोसळला तरी शेवटची ड्यूटी सायकल चालू राहते. कर्नल अडकला तरीही. सर्व्होच्या बाबतीत हे चालून जाते. हीटर असेल तर आग लागू शकते.

चॅनेल डिसेबल केल्यावर पिन शून्यावरच राहील अशी हमीही लिनक्स देत नाही. आउटपुट नक्की शून्य हवा असेल, तर ड्यूटी सायकल शून्य करून चॅनेल चालू ठेवावा. बोर्ड सुरू होताना पिन काही क्षण कोणाच्याच ताब्यात नसते. त्या वेळासाठी मॉसफेटच्या गेटवर ग्राउंडकडे १० किलोओमचा रेझिस्टर असावा. आणि जिथे उष्णता आहे, तिथे सॉफ्टवेअरशी संबंध नसलेला थर्मल फ्यूज हवाच.

तपासावे कोणत्या क्रमाने?

आधी बोर्डाच्या कागदावर पाहावे, की निवडलेल्या पिनवर हार्डवेअर चॅनेल येतो का आणि तो दुसऱ्या कोणत्या पिनशी वाटून घेतलेला आहे. मग ओव्हरले योग्य फाइलीत आहे का, आणि पिनने ते फंक्शन खरेच घेतले का, हे पाहावे. रास्पबेरी पायवर पिनकंट्रोल ही कमांड पिनची चालू स्थिती सांगते. त्यानंतर कर्नलच्या डीबगएफएसमधली पीडब्ल्यूएमची यादी पाहावी. कोणता चॅनेल कोणी धरला आहे आणि त्याचा पीरियड व ड्यूटी सायकल किती, हे तिथे स्पष्ट दिसते. चॅनेल ‘बिझी’ असेल, तर तो पंख्याच्या किंवा स्क्रीनच्या ड्रायव्हरने धरला आहे का, तेही तिथेच कळते. शेवटी मोटर न जोडता पिनवर ऑसिलोस्कोप किंवा स्वस्तातला लॉजिक अॅनलायझर लावावा. पल्स तिथे बरोबर दिसत असेल, तर दोष पुढच्या सर्किटमध्ये आहे; दिसत नसेल, तर साखळीतली कोणती कडी तुटली हे वरच्या पायऱ्यांनी सांगितलेलेच असते. कोडला हात लावायची वेळ या सगळ्यानंतर येते.