इसबाची निगा



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत कातडीच्या रोगाचे काय काम, असे कुणाच्या मनात येईल. पण या रोगाचा निम्मा घोटाळा शब्दांचाच आहे, म्हणून तो इथे अगदीच परका नाही. आपण पांढुर्णा-सौंसरची माणसे घरात मराठी बोलतो आणि बाजारात हिंदी. घरी आजी म्हणते, ‘पोराला इसब झाला.’ तोच पोरगा औषधाच्या दुकानात जाऊन म्हणतो, ‘भैया, खुजली की ट्यूब दे दो.’ दुकानदाराच्या डोक्यात ‘दाद-खाज-खुजली’ हे एकच त्रिकूट असते. तो त्यावरची ट्यूब काढून देतो. उंबरठ्यापासून दुकानापर्यंतच्या शंभर पावलांत रोगाचे नाव बदलते आणि नावाबरोबर औषधही.

दाद हा शब्द संस्कृत ‘दद्रु’पासून आला. मराठीत त्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. ती बुरशी आहे. ती एकाच्या टॉवेलावरून दुसऱ्याला लागते, गोल पसरत जाते, कडेला उठून दिसते आणि मधली कातडी बरी वाटते. इसब म्हणजे बुरशीही नव्हे आणि जंतूंची लागणही नव्हे. तो कुणाचा कुणाला लागत नाही. चरकसंहितेत कातडीच्या अठरा रोगांची यादी आहे. तिच्यात दद्रु वेगळा दिला आहे आणि विचर्चिका वेगळी. वैद्यमंडळी इसबाला सामान्यतः विचर्चिकाच म्हणतात. चरकाने वेगळे ठेवलेले हे दोन रोग आपल्या बाजारपेठेने एका ट्यूबमध्ये कोंबले.

त्याच यादीचे आणखी एक ओझे आपण वाहतो. त्या अठराही रोगांना ग्रंथात एकच नाव आहे, कुष्ठ. तेव्हा त्याचा अर्थ कातडी बिघडवणारा रोग इतका मोकळा होता. पुढे तो शब्द महारोगालाच चिकटला. कातडीवर काही उठले की लपवायचे, ही आपली सवय त्या भीतीतूनच पक्की झाली असावी असे मला वाटते. पाहुणे मुलगी पाहायला येणार म्हणून ती भर मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या घालून बसते. सासरी आलेल्या सुनेच्या हाताला इसब दिसला की तिला कणकेला हात लावू देत नाहीत. तिच्या हातची पोळी खाऊन कुणालाही काही होणार नाही. झालाच त्रास तर कणीक मळून तिच्याच हाताला होईल. ते पुढे सांगतो.

आता रोगाकडे वळू. एक्झिमा हा ग्रीक शब्द. त्याच्या मुळाशी ‘उकळून वर येणे’ असा अर्थ आहे. भडकलेला इसब ज्याने पाहिला त्याला हे नाव पटेल. पण उकळी वर दिसते, कारण खाली असते. आपल्याकडची जुनी मातीची भिंत आठवा. दरवर्षी लिंपण झाले तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. लिंपण चुकले की भेगा पडतात, पाणी आत शिरते, पोपडे निघतात. कातडीचा सर्वांत वरचा थर असाच आहे. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधली स्निग्ध द्रव्ये म्हणजे गिलावा. काही माणसांत हा गिलावा जन्मापासूनच कच्चा असतो. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की फिलाग्रिन नावाचे प्रथिन बनवणारा जनुक सदोष असला तर इसबाची शक्यता पुष्कळ वाढते. सगळ्याच रोग्यांत हा दोष सापडतो असे नाही. पण घराण्यात दमा, सकाळच्या शिंका आणि इसब एकत्र का फिरतात, याचा थोडा उलगडा त्याने झाला.

भिंत कच्ची असली की आतला ओलावा बाहेर जातो आणि साबण, धूळ, घाम, परागकण आत शिरतात. शरीर चवताळते, खाज सुटते. खाजवले की भिंत आणखी ढासळते आणि खाज वाढते. हे चक्र तोडणे म्हणजेच इसबाची निगा. तो मुळापासून कायमचा उपटून टाकणारे औषध आज कुणाजवळ नाही. तसे कुणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी दोनदा विचार करावा. मात्र पुष्कळ मुलांचा इसब वाढत्या वयाबरोबर ओसरतो, हेही तितकेच खरे.

त्याची जागाही वयाप्रमाणे बदलते. तान्ह्या मुलाच्या गालांवर, मोठ्या मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत, मोठ्या माणसांच्या हातांवर, मानेवर, पापण्यांवर. पुस्तकांत तो लालभडक दाखवतात, कारण ती चित्रे गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या अंगावर तो तपकिरी, करडा किंवा जांभळट दिसतो आणि बरा झाल्यावर काळपट किंवा फिकट डाग ठेवून जातो. हा डाग म्हणजे रोग नव्हे. तो काही महिन्यांत आपोआप विरतो. त्याला घासू नये, लिंबू तर मुळीच चोळू नये.

रोजच्या निगेत पहिली गोष्ट आंघोळ. कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आटपावी. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते म्हणून अनेकांना ते आवडते. पण स्वयंपाकघरातल्या तेलकट भांड्याचे गरम पाण्याने जे होते तेच कातडीचे होते, तिची होती ती चिकणाई निघून जाते. साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरता. जंतुनाशकाचे झाकणभर थेंब बादलीत टाकण्याची रीत सोडावी. दिवाळीचे उटणे इसबाच्या जागेवर रगडू नये. अभ्यंगाचे तेल खुशाल लावावे. अंग टिपून घ्यावे, पुसू नये, आणि ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध मलम लावावे. हे आपले रोजचे लिंपण.

कोणते मलम? सुगंध नसलेले कोणतेही साधे मलम, अगदी पेट्रोलियम जेलीसुद्धा. खोबरेल तेल चांगले. घाण्याचे, वास न मिसळलेले असावे. मोहरीचे तेल मात्र अशा कातडीला टोचते, म्हणून शेजारच्या हिंदी घरांतली बाळाच्या मालिशची चाल इसबवाल्या बाळासाठी उचलू नये. प्रमाणाबाबत आपण फार हात आखडतो. ब्रिटनमधल्या वैद्यकीय मार्गदर्शनात इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम लावायला सांगतात. आपल्याकडे वीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणतात. महागडी ट्यूब चिमूटभर लावण्यापेक्षा स्वस्त जेली मुबलक लावलेली बरी.

एवढे करूनही इसब अधूनमधून भडकतोच. अशा वेळी निव्वळ तेल-जेली पुरत नाही. सूज उतरवणारे औषध लागते आणि ते बहुधा स्टेरॉइडचे मलम असते. या शब्दाची आपल्या समाजात दोन टोके आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेले सौम्य मलम आई घाबरून लावत नाही आणि दुकानातून आणलेले जहाल मलम बाबा वर्षभर चोळतात. दोघांचाही तोटा होतो. डॉक्टरांनी सांगितलेले स्टेरॉइड सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिवसांपुरते, पुरेसे लावावे. पुरेसे म्हणजे किती, यासाठी एक सोपे माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते. तेवढे मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. भडका निवला की स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी किंवा बंद करावे, साधे मलम चालूच ठेवावे. चेहऱ्याला आणि पापण्यांना जहाल मलम स्वतःच्या मनाने कधीही लावू नये. तिथे डॉक्टर दुसऱ्या जातीचे औषध देऊ शकतात.

भडक्याच्या दिवसांत रात्र फार वाईट जाते. मलम लावून त्यावर जुन्या मऊ धोतराची किंवा सुती साडीची ओली पट्टी आणि वर कोरडी पट्टी गुंडाळली तर खाज पुष्कळ निवते. मात्र पट्टीखाली स्टेरॉइड लावायचे का, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण पट्टीखाली ते जास्त शोषले जाते. मुलाची नखे कापावी, झोपताना हातांत सुती मोजे घालावे. ‘खाजवू नको’ असे रात्रभर ओरडून काही साधत नाही. हाताला दुसरे काम द्यावे किंवा खाजेच्या जागी गार पाण्याचा फडका ठेवावा.

आता त्या ट्यूबविषयी. ‘दाद-खाज-खुजली’साठी मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांत तीन औषधे एकत्र असतात: बुरशीचे, जंतूंचे आणि एक जहाल स्टेरॉइड. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड समजावे. इसबावर ते लावले की दोन दिवसांत जादू होते, म्हणून माणूस सोडत नाही. मग कातडी पातळ होते, जांघेत-काखेत कायमचे चिरे पडतात, चेहऱ्यावर मुरुम आणि लव येते, आणि ट्यूब थांबवली की दुप्पट भडका. गजकर्णावर लावले तर आणखी वाईट. खाज थांबते पण बुरशी आतल्या आत पसरते आणि तिचे गोल रूपही बदलते, मग डॉक्टरलाही ती ओळखता येईना. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण इतका चिवट झाला आहे, की एका औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी नाव दिले ते भारतावरूनच: ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. हा काही अभिमान वाटावा असा मान नव्हे. पूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्यांना चिठ्ठी लागे, पण अंगाला लावायच्या मलमांना त्या नियमातून सूट होती. २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांची सूट काढली. कायदा झाला, दुकानात हात पुढे करणारे आपणच आहोत.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट इसबाशी गल्लत करते. शेताच्या बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेने, जाम नदीच्या काठाने पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजलेले असते. विदर्भात त्यालाच काँग्रेस गवत म्हणतात. हे मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली, आणि त्याने होणाऱ्या कातडीच्या दाहाविषयीचे सुरुवातीचे मोठे वैद्यकीय निरीक्षणही पुण्याचेच, डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते १९७४ साली प्रसिद्ध केले. त्या गवताचे कण हवेतून येतात, म्हणून पापण्या, मान, कानांमागची जागा, कोपराची खोबण असे उघडे आणि घामट भाग आधी पेटतात. चाळिशी-पन्नाशीच्या शेतकऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा चेहऱ्या-मानेचा ‘इसब’ झाला आणि तो पावसाळ्यात वाढत असेल तर हे गवत आधी आठवावे. त्वचेचे डॉक्टर पाठीवर दोन दिवस पट्टी चिकटवून याची चाचणी करतात. जबलपूरचे खरपतवार संशोधन संचालनालय दरवर्षी ऑगस्टमध्ये या गवताविषयी जागृतीचा सप्ताह पाळते. काढायचे तर फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढावे. ज्याला त्याचा दाह आहे त्याने मात्र त्या कामाला जाऊच नये, आणि उपटलेल्या गवताची होळी शेजारी पेटवू नये.

आता बायकांचे हात. दिवसातून वीस वेळा पाणी, भांड्यांची पावडर, कपड्यांचा सोडा, लसूण-कांदा सोलणे, कणीक, मिरची. आणि संत्र्याच्या दिवसांत फळे हाताळणाऱ्यांना सालीचे तेल. यांपैकी एकेक गोष्ट निरोगी हात सोसतो, सगळ्या मिळून कच्ची भिंत पाडतात. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालावे, आणि प्रत्येक पाण्यानंतर मलम लावावे. चुलीशेजारी, ओट्यावर, डब्यात ते ठेवलेले असावे. आतल्या कपाटात ठेवलेले मलम दिवसातून एकदाच लागते. पण खरा उपाय घरातल्या पुरुषांच्या हातात आहे. भडका उतरेपर्यंत पंधरा दिवस भांडी दुसऱ्या कुणी घासली, तर ट्यूबपेक्षा लवकर गुण येतो. टिकलीच्या जागी कपाळावर खाज आणि डाग असेल तर बहुधा टिकलीच्या गोंदाचा दोष. टिकली महिनाभर सोडून पाहावी.

खाण्याच्या पथ्यावर मी थोडक्यात बोलतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. वांगे, आंबट, दूध, अंडे सगळेच बंद करून मूल वाळते आणि इसब तसाच राहतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, तर डॉक्टरांना सांगावे. नाहीतर मुलाचे ताट कापू नये. संत्र्याच्या मुलखात जन्मून मुलाने संत्रे खाऊ नये, हे मला पटत नाही. रसाने तोंडाभोवती चुरचुरते, तर खाण्याआधी ओठांभोवती जेली लावावी.

शेवटी, घरी न थांबण्याच्या गोष्टी. जागा पाझरू लागली, पिवळी खपली धरली, पू किंवा ताप आला, तर जंतू शिरले आहेत. इसबावर एकाएकी दुखरे, एकसारखे बारीक फोड घोळक्याने आले, तर ती विषाणूची लागण असू शकते; लहान मुलात आणि डोळ्याजवळ ती धोक्याची आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर तो इसब नसून खरूज असेल, आणि मग साऱ्या घराला एकाच दिवशी औषध लागते. फिकट चट्टा खाजत नाही आणि तिथे टोचलेले कळत नाही, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. महारोगाचे औषध तिथे फुकट मिळते आणि त्याने तो बरा होतो. छिंदवाड्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरचे मेडिकल आहे. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्या आणि डॉक्टरांपुढे ओताव्या. काय काय लावून झाले आहे, हे तोंडी सांगताना आपण निम्मे विसरतो.