पिल्लाच्या अंगावर पिसवा, घरात त्यांची अंडी

पावसाळा सुरू झाला की गोठ्यातल्या गोचिडांबद्दल विचारणा होते, तशी या वेळी मांजराच्या पिल्लांबद्दल होते आहे. महिन्याभराचं पिल्लू, अंगावर पिसवा वळवळतायत, घरातल्या पोरांच्या पायावर लाल फोड उठलेत, काय करू? हा प्रश्न तीन गावांतून आला. 'मांजराचं काय एवढं' असं कोणी म्हणेल. ज्यांच्या घरात ज्वारीची पोती थप्पीला लावलेली असतात त्या तसं म्हणणार नाहीत. मांजर घरात फिरतं म्हणून उंदीर पोत्याला तोंड लावत नाहीत.

आधी पिसू ओळखू या. ती तपकिरी काळी, दोन्ही बाजूंनी चपटी, तिळापेक्षा थोडी लहान असते. तिला पंख नाहीत, पण ती वीतभर उडी मारते. गोचीड एका जागी चिकटून बसते, पिसू केसांतून पळते. म्हणून ती दिसतेच असं नाही. मग अशी युक्ती करा. उवा काढायची बारीक दातांची फणी पिल्लाच्या पाठीवरून, शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवा. फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच पचलेलं रक्त. साधी माती असेल तर तसा डाग पडत नाही.

आता हे रक्ताचं गणित नीट ऐका, कारण सगळा धोका इथं आहे. ४०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून साधारण २५ मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे चहाचे पाच चमचे. सत्तरेक माद्या दिवसाला त्यातलं १ मिलिलिटर पिऊन टाकतात. आठवड्याभरात पिल्लू मलूल होतं, दूध ओढत नाही, कोपऱ्यात पडून राहतं. घरचे म्हणतात, दृष्ट लागली. आरोग्य केंद्रात सिस्टर आपल्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघते ना, तसं पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर घरी उपाय करायला वेळ आहे. पांढुरक्या असतील आणि अंग गार लागत असेल, तर पिल्लू फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. अशा पिल्लाला अंघोळ घालत बसू नका.

घरचा उपाय म्हणजे फणी. एका वाडग्यात साबणाचं पाणी घ्या. फणी फिरवा, पाण्यात बुडवा, पुसा, परत फिरवा. पिसू साध्या पाण्यावर तरंगते आणि बाहेर उडी मारते, साबणाच्या पाण्यात मात्र बुडते. उवा चिरडतो तशी ती नखावर चिरडू नका. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं हे काम पहिले आठ दिवस रोज करावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण महिन्याच्या आतल्या पिल्लासाठी याच्याइतकं बिनधोक दुसरं काही नाही.

पिल्लू महिन्याच्या वरचं, धडधाकट असेल तर एकदा अंघोळ चालेल. वेळ भर दुपारची, पाणी कोमट. बाळाला न्हाऊ घालताना कोपरानं पाणी बघतो, तसंच बघा. लहान बाळाचा साबण घ्या आणि आधी मानेभोवती फेसाचं कडं करा. पाणी अंगावर पडलं की पिसवा डोक्याकडे धावतात आणि कानात, डोळ्यांभोवती जाऊन बसतात. ते कडं त्यांना अडवतं. मग बाकीचं अंग धुवा, डोक्यावर पाणी ओतू नका, तोंड ओल्या फडक्यानं पुसा. पाच मिनिटांत आटपा आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत छातीशी धरा. ओलं पिल्लू गारठूनच दगावतं. पिसवांमुळे मेलं असं आपण समजतो, आणि मारलेलं असतं गारठ्यानं.

यापुढचं जरा मोठ्यानं सांगते. जनावरांच्या गोचिडांवरचं औषध मांजराला लावायचं नाही. थेंबभरही नाही, पाणी घालून पातळ करूनही नाही. त्या बाटल्यांवर सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन किंवा अमित्राझ अशी नावं असतात. गाईला, शेळीला जे औषध योग्य प्रमाणात चालतं ते मांजराला चालेलच असं नाही. मांजराच्या यकृताला यातली काही द्रव्यं नीट मोडताच येत नाहीत. शिवाय ते अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या औषधात आणि पोरांच्या डोक्यातल्या उवांच्या औषधात अनेकदा परमेथ्रीन असतं, तेही मांजराला विषच. रॉकेल, फिनाईल, कापूर, डांबरगोळ्या, तंबाखूचं पाणी, मुंग्यांची पावडर हे सगळं या यादीत धरा. कडुनिंबाचं तेल आपलं घरचं म्हणून वापरलं जातं, पण पिल्लाच्या अंगाला तेही नको. कोणी काही लावून बसलंच असेल तर लगेच कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुऊन काढा, कोरडं करून गुंडाळा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. उतारा म्हणून दूध-तूप पाजू नका.

मग औषधच नाही का? आहे. डॉक्टर फिप्रोनिलचा फवारा पिल्लाचं वजन बघून मोजून मारतात, थोड्या मोठ्या पिल्लांसाठी मानेवर टाकायचे थेंबही मिळतात. 'फिप्रोनिल' हे नाव उसाच्या किंवा भाताच्या औषधावर वाचलं असेल, तर घरातला तोच डबा उघडू नका. शेतातल्या औषधाचं प्रमाण आणि त्यात मिसळलेली द्रव्यं वेगळी असतात. आणि दवाखान्यात जाताना आई मांजरीलाही घेऊन जा. ती तशीच राहिली तर पिल्लांच्या अंगावर रोज नवी भर पडते. अंगणातला कुत्रा आणि गोठ्यातली करडंही तपासा. नावाला मांजराची असली तरी ही पिसू शेळीच्या करडावर सुखानं राहते आणि त्यालाही अशक्त करते.

एवढं करूनही पिसवा परत येतात, आणि बायका म्हणतात औषध खोटं निघालं. औषध खरंच असतं. अडचण अशी, की अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या झालेल्या पिसवा. एक मादी दिवसाला वीस-चाळीस अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, केसांतून घरंगळून खाली पडतात. मांजर जिथं झोपतं तिथं, गोधडीत, गोणपाटात, जमिनीच्या भेगेत. दोन-चार दिवसांत अळ्या निघतात, केसासारख्या बारीक, पांढरट. त्या रक्त पीत नाहीत, मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खातात. उजेड त्यांना नको असतो, ओल हवी असते. नंतर त्या कोष विणतात, त्याला धूळ चिकटते आणि तो धुळीचाच कण वाटतो. त्या कोषात पिसू महिनोनमहिने गप्प बसू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर येते. लेकीच्या बाळंतपणाला जाऊन महिन्याभरानं घर उघडलं आणि उंबऱ्यातच पायाला पिसवा डसल्या, हे कितीतरी जणींनी अनुभवलेलं असेल. त्या वाटच बघत होत्या.

म्हणून अर्धं काम अंगावर आणि अर्धं जमिनीवर. पिल्लाची झोपायची जागा एकच ठेवा, खोक्यात जुनं सुती लुगडं अंथरा आणि ते दर दोन-तीन दिवसांनी उकळत्या पाण्यात भिजवून धुवा. गोधड्या, गोणपाटं कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. ऊन नसेल तेव्हा निदान झटका, पण अंगणात लांब नेऊन. केर रोज काढा, कोपरे, कणगीच्या मागची जागा, चुलीजवळचा उबदार भाग सोडू नका. तो केर उकिरड्यावर टाकू नका, थेट चुलीत घाला किंवा साबणाच्या पाण्यात ओता. मातीची जमीन असेल तर आधी जुन्या केरसुणीच्या काडीनं भेगांमधली धूळ उकरून काढा, मग भेगा लिंपून सारवा. सारवायचं सकाळी लवकर, म्हणजे दिवसभरात जमीन खडखडीत वाळेल. ओलसर राहिली तर अळ्यांचंच फावतं. फरशी असेल तर सांधे बघा.

शेतातला पंप घेऊन घरात फवारणी करणाऱ्या बहाद्दरांना दारातच अडवा. कोषातली पिसू त्यानं मरत नाही, पण भाकरीच्या टोपलीवर आणि पाळण्यावर विष बसतं.

आणखी एक साधा सापळा आहे. रात्री परातीत साबणाचं पाणी घेऊन जमिनीवर ठेवायचं आणि त्याच्यावर छोटा दिवा लावायचा. उजेडाकडे आणि उबेकडे उडी मारून पिसवा पाण्यात पडतात. घर यानं मोकळं होत नाही, पण सकाळी मोजल्या की कमी होतायत की नाही ते कळतं. दुसऱ्या आठवड्यात आकडा एकदम वाढला तर घाबरू नका. जुने कोष फुटतायत, नव्यानं लागण झालेली नाही. तीन-चार आठवडे नेटानं झाडलोट चालू ठेवा.

पिसवांबरोबर येणारी एक गोष्ट म्हणजे जंत. अंग चाटताना पिल्लू पिसू गिळतं आणि तिच्या पोटातला पट्टकृमी पिल्लाच्या आतड्यात वाढतो. पिल्लाच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले की समजावं. जमिनीवर खेळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही तो होऊ शकतो. शीचं फडकं बघताना तसे तुकडे दिसले तर आरोग्य केंद्रात दाखवा, त्यावर औषध आहे.

प्लेगबद्दलही दोघी-तिघींनी विचारलं. प्लेग मुख्यतः पसरतो तो उंदरावरच्या पिसवेनं, ती जात वेगळी. १८९६ साली मुंबईत आलेली साथ पुढं पुण्यात पोचली, आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मांजराच्या पिसवा दिसल्या म्हणून प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र गावात एकाएकी खूप उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात लावू नका. मेलेल्या उंदरावरून पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधत निघतात. लगेच आरोग्य केंद्राला आणि ग्रामपंचायतीला कळवा.

घर मोकळं झालं का, हे बघायला पोरांचे शाळेचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवा आणि मांजराच्या जागेभोवती, माजघरात, गोठ्याच्या दारात पाच मिनिटं सावकाश चाला. पांढऱ्यावर काळा ठिपका उड्या मारताना लगेच दिसतो. दोन आठवडे मोजे कोरे राहिले तर रोजचं उकरणं थांबवा, पण फणी आठवड्यातून एकदा दिवाळीपर्यंत चालू ठेवा. पावसाळ्याची दमट हवा पिसवांना फार मानवते.