पाळीपाळीने मुकादमी

रानात ठेवलेला बिनतारी संवेदक बहुधा दोन पेन्सिल सेलवर चालतो. सेल संपले की तो गेला. बदलायला कोण जाणार? त्यातला खादाड भाग म्हणजे रेडिओ. त्यात अंतर दुप्पट झालं की संदेश पोचवायला निदान चौपट शक्ती लागते. माहिती गोळा करणाऱ्या दूरच्या केंद्राशी प्रत्येकाने थेट बोलणं परवडत नाही ते यामुळेच.

२००० साली एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ पद्धत मांडली. संवेदकांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला एक मुकादम. बाकीचे ठरल्या वेळी त्याला निरोप देतात, एरवी रेडिओ बंद. मुकादम सगळा मजकूर आटवून एकच संदेश केंद्राकडे धाडतो. पण कायमचा मुकादम आधी मरणार! म्हणून दर फेरीला प्रत्येक संवेदक ० ते १ मधला कुठलाही आकडा काढतो. आकडा त्या फेरीच्या मर्यादेखाली आला, तर मुकादमी त्या संवेदकाची. एकदा मुकादम झालेला बाकीच्यांची पाळी होईपर्यंत बाजूला राहतो, आणि उरलेल्यांसाठी मर्यादा फेरीगणिक वाढते. शंभरात पाच मुकादम धरले, तर वीस फेऱ्यांत प्रत्येकाची पाळी येऊन जाते. वरून हुकूम सोडणारं कोणी लागत नाही, आणि खरी हुशारी हीच.

उणीव मात्र मोठी आहे. कोणाच्या सेलमध्ये किती जीव उरलाय, हे मूळ ‘लीच’ बघतच नाही. ते बघणारी ‘हीड’ पद्धत २००४ साली आली.