जसेच्या तसे काय, बदलायचे काय?

‘सीपी जुनीफाइल नवीफाइल’. युनिक्स आणि लिनक्समध्ये फाइलची नक्कल काढण्याची ही कमांड. (कमांडची नावे या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, यंत्रावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची असतात.) ओळीत शब्द तीन आहेत, पण ते एका जातीचे नाहीत. पहिला जसाच्या तसा टाइप करायचा. त्यात एक अक्षर चुकले तरी काम होणार नाही. उरलेले दोन मात्र टाइप करायचेच नाहीत, त्यांच्या जागी वाचकाने आपल्या फाइलींची नावे घालायची. वर्गात शिक्षक हा फरक आवाजाने किंवा फळ्यावरच्या खुणेने दाखवतात. छापील पानावर ते काम बोल्ड, इटॅलिक, अधोरेखा आणि कंस यांच्यावर येऊन पडते. या गोष्टी पान सजवणाऱ्याच्या आवडीनिवडीच्या मानल्या जातात. कमांड लाइनच्या माहितीपुस्तकात मात्र त्या व्याकरणाचे काम करतात, आणि मराठीत अशी पुस्तके लिहायची तर हे व्याकरण आपल्या लिपीच्या स्वभावातून बांधले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते तयार केले. त्याच्या प्रस्तावनेतच खुणांचे अर्थ सांगून टाकले आहेत: अधोरेखित शब्द जसेच्या तसे टाइप करायचे, चौकटी कंसातला भाग ऐच्छिक, आणि तीन टिंबे म्हणजे आधीचा घटक पुन्हा पुन्हा देता येतो. अधोरेखाच का? त्या काळच्या टेलिटाइप यंत्रावर ठसा एकाच वळणाचा असे. शब्द उठून दिसावा म्हणून त्याखाली रेघ मारणे, हाच सोपा उपाय होता. पुढे फोटोटाइपसेटिंग आले, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत जसेच्या तसे टाइप करायचे शब्द बोल्ड दिसतात. आजच्या मॅन पानांतही, म्हणजे पडद्यावर वाचायच्या मॅन्युअलच्या पानांतही, बोल्ड म्हणजे ‘हेच टाइप करा’ आणि इटॅलिक म्हणजे ‘याच्या जागी तुमचे घाला’. पण अनेक टर्मिनलांवर इटॅलिक दिसत नाही, म्हणून तिथे त्याऐवजी अधोरेखा येते. म्हणजे जी रेघ १९७१ मध्ये ‘हेच टाइप करा’ असे सांगत होती, तीच आज ‘हे बदला’ असे सांगते! खुणेला स्वतःचा अर्थ नसतो, तो जाहीर करावा लागतो, याला याहून स्पष्ट पुरावा नको.

ही गरज संगणकाहून फार जुनी आहे, पण सुरुवात संगणकाच्याच जगातून करू. १९५९ मध्ये जॉन बॅकस यांनी प्रोग्रामिंगच्या भाषेचे नियम लिहिताना बदलत्या घटकांभोवती कोनी कंस घातले, आणि पीटर नॉर यांनी संपादित केलेल्या अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेच्या अहवालाने ती पद्धत जगभर नेली. तिला ‘पाणिनी-बॅकस’ असे नाव द्यावे, अशी सूचना १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी केली होती. पाणिनीचे नाव इथे केवळ गौरवासाठी येत नाही. त्याच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाच्या पहिल्याच पादात एक सूत्र आहे: व्याकरणात आलेला शब्द स्वतःचेच रूप दाखवतो, अपवाद फक्त पारिभाषिक संज्ञांचा. बदलायचा शब्द आणि जसाच्या तसा शब्द यांची ही नेमकी वाटणी आहे. शिवाय पाणिनीने षष्ठीला ‘याच्या जागी’, पंचमीला ‘याच्या नंतर’ आणि सप्तमीला ‘याच्या आधी’ असे ठरीव अर्थ दिले. मुखपाठाने चालणाऱ्या ग्रंथाला बोल्ड आणि इटॅलिक कुठून मिळणार? त्याने खुणेचे काम विभक्तीकडून करून घेतले. आपल्या हाती जे आहे त्यातूनच खूण घडवायची, हा धडा मला इथे फार मोलाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आता कोण टाइप करते? ओळ कॉपी करायची आणि पेस्ट करायची. खरे तर कॉपी-पेस्टमुळेच खुणांची जबाबदारी वाढली आहे. कॉपी करताना बोल्ड-इटॅलिक बहुधा गळून पडते, पण कंस आणि चिन्हे सोबत येतात. कोनी कंस तर शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, भाषेत अर्थपूर्ण आहेत: ‘<’ म्हणजे फाइलमधून वाचा, ‘>’ म्हणजे फाइलमध्ये लिहा, आणि ‘>’ नंतरच्या नावाची फाइल आधीपासून असेल तर शेल तिच्यातला मजकूर सहसा न विचारता पुसतो. ओळीच्या आरंभी छापलेले ‘$’ हे साध्या वापरकर्त्याच्या प्रॉम्प्टचे चिन्ह. तेही कॉपी झाले तर ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर येते. ‘#’ हा सर्वाधिकारी वापरकर्त्याचा प्रॉम्प्ट, पण बहुतेक शेलना त्यापुढचे सारे टीप वाटते आणि काहीच घडत नाही. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतो, दोन जोडरेघांची एक लांब रेघ करतो. दिसायला छान, चालायला निरुपयोगी. २०२३ मध्ये मॅन पाने मांडणाऱ्या ग्रॉफ या प्रोग्रामच्या १.२३ आवृत्तीत साधी जोडरेघ खऱ्या हायफनच्या रूपात उमटू लागली, तेव्हा पानावरून उचललेले जोडरेघवाले पर्याय चालेनात आणि पानात शोधूनही सापडेनात. डेबियन या लिनक्स वितरणाला आपल्यापुरता तो बदल मागे फिरवावा लागला.

दुसरा आक्षेप: प्रत्येक प्रकाशकाची पद्धत वेगळी, मग नियम कसला? पद्धती वेगळ्या असतात हे खरे, पण अर्थांची वाटणी सगळीकडे तीच आहे. टेक्सइन्फो या माहितीपुस्तके लिहिण्याच्या प्रणालीत लेखक ‘हा बदलता शब्द’ एवढेच नोंदवतो. छापताना तो तिरपा होतो आणि पडद्यावर कॅपिटल अक्षरांत येतो.

मराठीत मात्र यांतली बरीच साधने हाताशी नाहीत. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. तिरपा ठसा आपल्या मुद्रणपरंपरेत रुजलेला नाही. बहुतेकदा सरळ अक्षरच यंत्राने कलवलेले असते. अधोरेखा उकारांना छेदून जाते. त्यात मराठीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात: ‘ग्रेपने शोधा’ यात कमांड कुठे संपली हे नवख्याला कसे कळावे? ‘ग्रेप ही कमांड वापरून’ असे लिहिणे लांब पडते, पण सुरक्षित असते. पूर्णविरामाचा धोका तर आणखी मोठा. आपला पूर्णविराम म्हणजे टिंब, आणि कमांड लाइनवर टिंबाचा अर्थ ‘सध्याचे फोल्डर’. म्हणून कमांड वाक्याच्या शेवटी कधीच नको, ती स्वतंत्र ओळीतच हवी.

पण आपल्यापाशी इंग्रजीला न मिळालेले एक साधन आहे: दुसरी लिपी. कमांड आणि तिचे पर्याय रोमन. मग बदलायचे शब्द सरळ देवनागरीत लिहावेत. बोल्ड गळाले, इटॅलिक दिसले नाही, साधा मजकूर म्हणून ओळ कॉपी झाली, तरी ही खूण टिकते. फाइलींची नावेही देवनागरीत असू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. अशा मोजक्या जागी तसे शब्दांत सांगावे. आणि कमांड लाइन वापरणाऱ्याला इंग्रजी येतेच, असे म्हणणाऱ्यांनी पाहावे की मॅन पानांची भाषांतरे जर्मन, फ्रेंच, जपानी अशा कितीतरी भाषांत झाली आहेत. चार रोमन अक्षरे टाइप करता येणे वेगळे आणि इंग्रजी स्पष्टीकरण नीट उमगणे वेगळे.

म्हणून मराठीत अशी पुस्तिका, शिकवणीचे टिपण किंवा प्रयोगवही लिहिणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: पहिल्याच पानावर दोन ओळी छापा. रोमन लिपीतले जसेच्या तसे टाइप करा. देवनागरीतले काढून तिथे तुमचे घाला.