बेस गळतो कुठून?

हेडफोनच्या दुकानात बेसचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो. ठोका हवा असेल तर क्लोज्ड घ्या. ओपनमध्ये गाणं मोकळं वाटेल, पण बेस बसणार नाही. हा सल्ला इतक्या तोंडांतून इतकी वर्षं येतो आहे की त्याची उलटतपासणी करायला कोणी थांबत नाही. वरवर तो पटतोही. ओपन हेडफोनच्या कपाला मागे जाळी असते, तिच्यातून आवाज बाहेर पडतो, म्हणजे बेसही बाहेर पडणार. क्लोज्डचा कप मागून बंद, म्हणजे बेस आत कोंडून राहणार. पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ राहते, तसं. पण इथे पातेल्याची उपमाच फसवी आहे. बेस जातो तो मुख्यतः पुढून, कानाभोवतीच्या गादीखालून, आणि मागच्या झाकणाला त्याचं श्रेय किंवा दोष देणं म्हणजे नळ गळत असताना टाकीचं झाकण तपासण्यासारखं आहे.

इतिहास उरकून घेऊ. अमेरिकेतल्या युटाचा नॅथॅनिएल बाल्डविन याने 1910 च्या सुमारास तिथल्या नौदलासाठी हेडफोन बनवले, जर्मनीच्या बायरडायनॅमिकने 1937 मध्ये डीटी 48 आणला, मिलवॉकीच्या जॉन कॉसने 1958 मध्ये घरात संगीत ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन विकायला काढले. 1968 मध्ये सेनहायझरचा एचडी 414 आला. पिवळ्या फोमच्या गाद्यांचा हा हेडफोन म्हणजे बाजारातला पहिला ओपन हेडफोन, आणि तो अफाट खपला. त्याची गादी कानाला वेढा घालत नव्हती, नुसती कानावर टेकायची, शिवाय सच्छिद्र. त्यात खोल बेस नव्हता. ओपन म्हणजे बेस कमी ही समजूत इथपासूनची असावी, आणि त्या हेडफोनपुरती ती खरीच होती. फक्त कारण जाळीपेक्षा फोमकडे जास्त होतं.

आता गादीकडे येऊ, कारण सगळी मौज तिथे आहे. सायकलचा हातपंप घ्या आणि त्याच्या तोंडावर बोट सैलसर धरा. दट्ट्या सावकाश दाबला तर हवा फटीतून सुस्कारत निघून जाते, दाब म्हणून काही साठत नाही. तोच दट्ट्या झटक्याने दाबला की हवेला निघायला वेळ मिळत नाही आणि बोटाला धक्का बसतो. हेडफोन घातला की कान, गादी आणि ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा, पडदा यांच्यामध्ये हवेची अशीच एक कोठडी तयार होते. पडदा पुढे आला की तिथला दाब वाढतो, मागे गेला की उतरतो, आणि हा चढउतार म्हणजे आपल्याला ऐकू येणारा आवाज. सेकंदाला तीन हजार वेळा हलणाऱ्या पडद्याला गादीखालची बारीक फट जणू नसतेच. हवा तिथवर पोचून बाहेर पडेपर्यंत पडदा उलट फिरलेला असतो. सेकंदाला चाळीस वेळा हलणाऱ्या पडद्याचं तसं नाही. तिथे हवेकडे वेळच वेळ असतो. म्हणून फटीतून नेमका बेस गळतो आणि बासरी, झांज, गायिकेचा आवाज जागच्या जागी राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हेडफोनला बेसच नाही.

कोठडी घट्ट असेल तर मात्र चमत्कार म्हणावा असं काही घडतं. खोलीत ठेवलेल्या स्पीकरला एक सप्तक खाली उतरून तितकाच आवाज काढायचा तर पडद्याला चौपट अंतर मागेपुढे व्हावं लागतं. सबवूफर थाळ्याएवढे असतात ते यासाठी. कानाजवळच्या बंद कोठडीत हा नियम लागू होत नाही. तिथे दाब ठरतो पडदा किती सरकला यावर, सेकंदाला कितीदा सरकला याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. 40 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांच्या, ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर भरते, एसटीच्या गाडीहून थोडी आखूड. तेवढी लहर 40 मिलिमीटरचा पडदा कानात उभी करतो तो या कोठडीच्या जोरावर. कानाच्या छिद्रात बसणारे इअरफोन याचा आणखी ठळक पुरावा आहेत. त्यांचा पडदा नखाएवढा किंवा त्याहून लहान, पण रबरी टोक नीट बसलं की समोरची हवा जेमतेम एखाद-दोन घनसेंटीमीटर उरते आणि बेस दणदणतो. टोक मापाचं नसेल तर तोच इअरफोन पत्र्याचा डबा होतो.

मग मागचं झाकण करतं काय? बंद कपातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला मागे सरकताना अडवते. म्हणजे तोच ड्रायव्हर, तीच गादी ठेवून नुसतं झाकण बसवलं तर खोल बेस वाढण्याऐवजी आखडण्याकडेच कल जातो. क्लोज्ड हेडफोन करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते पडदा सैल ठेवतात, कप मोठा करतात, किंवा झाकणाला हळूच भोक पाडतात. बायरडायनॅमिकचा डीटी 770 हा स्टुडिओंमधला नावाजलेला क्लोज्ड हेडफोन. बेससाठी त्याच्या कपात मुद्दाम वाट ठेवलेली आहे. बेस कोंडण्यासाठी ज्याला क्लोज्ड म्हणून घ्यायचं, तो बेससाठीच थोडा उघडा असतो! उलट बाजूने पाहा. सेनहायझरचा एचडी 600 हा 1997 सालचा ओपन हेडफोन 100 हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरत जातो, तर ऑडिझीचा एलसीडी-2, तोही ओपनच, जाड चामडी गाद्यांवर नीट बसला तर थेट 20 हर्ट्झच्या आसपासपर्यंत सपाट जातो. दोघांच्याही पाठीला जाळीच. फरक आहे तो ड्रायव्हरचा आणि गादीचा. एलसीडी-2 चा ड्रायव्हर प्लॅनर जातीचा, म्हणजे चुंबकांसमोर ताणलेली पातळ फिल्म आणि तिच्यावर उमटवलेल्या तारा. कल्पना जुनी आहे, यामाहाने 1976 मध्ये एचपी-1 त्याच तत्त्वावर काढला होता. मागची जाळी बेसचा काळ असती, तर एलसीडी-2 ची ही सपाट रेघ शक्यच नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो: दुकानात दोन्ही लावून पाहिले की क्लोज्डमध्ये बेस जास्त वाटतो, ते कानांनी ऐकलेलं खोटं कसं? खोटं नाही, पण तिथे बेस म्हणून जे ऐकू येतं ते पुष्कळदा 100 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यातला फुगवटा असतो. बऱ्याच क्लोज्ड हेडफोनमध्ये हा पट्टा उचललेला असतो, आणि दोन मिनिटांच्या चाचणीत तो छाप पाडतो. खरा खोल बेस याच्या एक-दोन सप्तकं खाली राहतो. कान या दोहोंत गफलत का करतो, याचं उत्तर आपल्या तालवाद्यांपाशी सापडतं. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की तबला-मृदंगाच्या पुडीवरच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत येतात, साध्या ताणलेल्या चामड्यात ते तसे येत नाहीत. असे पटींतले उपस्वर कानावर पडले की मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून घेतो, मग तो प्रत्यक्षात असो वा नसो. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची. मोबाइलच्या स्पीकरमधून 41 निघत नाहीत, पण 82, 123, 164 यांतले वरचे थोडेफार निघतात आणि तेवढ्यावर चाल ओळखू येते.

ही भरपाई प्रत्येक संगीतात चालत नाही, आणि हेडफोन निवडताना हाच बारकावा कामाचा. रोलँडचं टीआर-808 हे तालयंत्र 1980 मध्ये आलं, तीनच वर्षांत बंद झालं आणि नंतर हिप-हॉपने त्याला डोक्यावर घेतलं. त्याचा किक, म्हणजे बेस ड्रमचा ठोका, हा 50 हर्ट्झच्या आसपासचा, लांबत जाणारा, जवळजवळ नागडा सूर. त्याला उपस्वर इतके थोडे की कानाला भरून घ्यायला सामग्रीच मिळत नाही. मूळ कंपन पोचलं तर किक आहे, नाही पोचलं तर नुसती टिकटिक. लंडनच्या क्रॉयडनमधून वर आलेला डबस्टेप हा संगीतप्रकारही असाच खोल बेसच्या तळघरात नांदणारा. याउलट ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणात ढोलाच्या ठोक्याबरोबर उपस्वरांचा मोठा लवाजमा असतो. फुगवट्याच्या क्लोज्डवरही ढोल भरदार वाटतो. तेव्हा 808 ऐकणाऱ्याने दुकानातल्या फुगवट्यावर भाळू नये. त्या फुगवट्याचा दुसरा उपद्रव असा की खालचे सूर वरच्यांना झाकतात, वरचे खालच्यांना तितके झाकत नाहीत. 150 हर्ट्झपाशी ढीग साचला की गायकाच्या आवाजावर कांबळं पडतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शांत खोली मिळते कोणाला? हे मान्यच करायला हवं. लोकलच्या डब्यात, बसमध्ये, पंख्याखाली जो गोंगाट असतो त्याचा मोठा भाग खालच्या पट्टीतला, आणि तो नेमका बेसच गिळतो. ओपन हेडफोन तिथे निरुपयोगी. पण साधा क्लोज्डही वाटतो तितका कामाचा नाही. बंद कप वरच्या पट्टीचा किलबिलाट छान अडवतो. खालची घरघर मात्र बरीचशी आत येते, आणि गादीला फट असेल तर ज्या वाटेने बेस बाहेर जातो त्याच वाटेने इंजिन आत शिरतं. तिथे उपयोगी पडतं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे मायक्रोफोनने गोंगाट टिपून त्याच्या उलट लहर सोडणं. लहर लांब असेल तर ही युक्ती चांगली साधते, म्हणजे ती बेसच्याच प्रदेशात बलवान. 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानात अमर बोस यांनी या कल्पनेची आकडेमोड मांडली आणि 1989 मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला. प्रवासात बेस हवा असेल तर क्लोज्ड, आणि तोही नॉइज कॅन्सलेशनवाला. यावर वाद नको. वन-रूम-किचनमध्ये रात्री शेजारी कोणी झोपलं असेल तरीही क्लोज्डच, कारण ओपनमधून निम्मी मैफल घरभर होते. ही दोन्ही कारणं परिसराची आहेत, बेसच्या दर्जाची नाहीत.

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. ओपनला बेस कमी पडला तर इक्वलायझरने वाढवा म्हटलं की त्यांना ते भेसळीसारखं वाटतं. मला हा सोवळेपणा कळत नाही. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपला कान बेसला फार बहिरा होतो. आजच्या प्रमाणित वक्रानुसार 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा सूर जितका मोठा वाटतो, तितकाच वाटायला 100 हर्ट्झच्या सुराला सुमारे 64 आणि 50 हर्ट्झच्या सुराला जवळजवळ 78 डेसिबल लागतात. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं ते या कारणाने. हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात श्रोत्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेतल्या, त्यांतही बहुसंख्यांना खालच्या पट्टीत थोडी उचल आवडली. मर्यादा आहे ती पडद्याची. 6 डेसिबल उचल म्हणजे दुप्पट हालचाल आणि चौपट शक्ती. प्लॅनर ती सहज पेलतात, लहान ड्रायव्हर फाटल्यासारखा वाजू लागतो. दुसरी मर्यादा कानाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. गोंगाटावर मात करायला आवाज चढवणाऱ्यापेक्षा शांत खोलीत फक्त बेस उचलणारा शहाणा.

म्हणून शांत खोली आणि बेसचं वेड या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याने बिनधास्त ओपन प्लॅनर घ्यावा. मानेला अर्ध्या किलोच्या वर वजन सोसत असेल तर. घेण्याआधी एक साधी परीक्षा: आवाज अगदी हळू ठेवून 40 हर्ट्झचा सूर लावायचा आणि तळव्यांनी दोन्ही कप डोक्यावर हलकेच दाबायचे. सूर एकदम फुगला तर गादी गळते आहे. चष्मा असेल तर काडी गादीखालून क्षणभर उचलून पुन्हा टेकवायची. काडीच्या वर आणि खाली राहणारी ती मिलिमीटरभराची फट किती बेस खाते ते ओपन आणि क्लोज्ड दोन्हींत तिथल्या तिथे कळतं. मखमली गाद्या थंड, पण जास्त गळक्या. रेक्झिनच्या घट्ट, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत सोलपटतात. कानाच्या पाळीला काळे कपचे चिकटू लागले की आधी गाद्यांची नवी जोडी मागवावी आणि तोच 40 हर्ट्झचा सूर पुन्हा लावून पाहावा.